कीस्टोन बंद ठेवा, ब्रॅकेटचे स्क्रू फिरवा

होम थिएटर करताना स्पीकर कुठले घ्यायचे यावर लोक महिनोन् महिने डोकं लावतात, आणि प्रोजेक्टर मात्र बसवणारा येतो, छताला टांगतो, चित्र वाकडं आलं की रिमोटने कीस्टोन (चित्राच्या तिरक्या कडा सरळ दाखवणारं सेटिंग) करून चौकोनी करतो आणि जातो. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण एवढे पैसे घालून घेतलेल्या मशीनचं अर्धं काम तिथेच वाया जातं.

कीस्टोन काय करतं ते बघा. लेन्समधून येणारं चित्र तिरकंच राहतं, फक्त प्रोजेक्टरच्या आत चित्र तयार करणाऱ्या चिपवर ते आधीच उलट्या बाजूने दाबून दाखवलं जातं. म्हणजे फुल एचडीचे 1920 बाय 1080 पिक्सेल पूर्ण वापरलेच जात नाहीत, बारीक अक्षरं, सबटायटल मऊ पडतात, शिवाय चित्राच्या बाहेर राखाडी उजेडाची पट्टी दिसते ती वेगळीच. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फोकस! प्रोजेक्टर स्क्रीनला समांतर नसेल तर वरची कड आणि खालची कड लेन्सपासून वेगवेगळ्या अंतरावर असते, मग मध्यभाग धारदार केला की कोपरे धूसर, कोपरे केले की मध्य गेला. कडा सरळ झाल्या म्हणून हे सुटत नाही.

म्हणून आधी कीस्टोन शून्यावर, ऑटो कीस्टोन असेल तर तोही बंद, सेटिंगमध्ये सीलिंग मोड (उलट्या टांगलेल्या प्रोजेक्टरचं चित्र सुलटं करणारा) निवडायचा आणि ग्रिडचा टेस्ट पॅटर्न लावायचा. त्याच्याही आधी स्क्रीन पाणसळ लावून तपासा, दोन्ही कर्ण मोजा, 100 इंची स्क्रीनचे दोन्ही 254 सेमी भरले पाहिजेत, नाहीतर वाकड्या स्क्रीनला सरळ चित्र जुळवत बसाल. छताला टांगलेल्या प्रोजेक्टरचं चित्र खाली रुंद आलं तर तो खाली वाकलाय, डावी बाजू उंच आली तर तोंड डावीकडे वळलंय, ब्रॅकेटचे स्क्रू फिरवून तो तेवढा परत आणा. प्रोजेक्टरच्या डब्यावर पाणसळ ठेवून पूर्ण भरवसा ठेवू नका, पॅटर्न काय सांगतो ते बघा. चित्र चौकोनी झालं पण वर-खाली सरकलेलं असेल तर लेन्स शिफ्ट वापरा, म्हणजे प्रोजेक्टर न हलवता फक्त लेन्स सरकवा, त्यात पिक्सेल जात नाहीत. स्वस्त डीएलपीत (बारीक आरशांची चिप असलेल्या प्रोजेक्टरमध्ये) बहुतेक वेळा शिफ्ट नसतं, ऑफसेट, म्हणजे चित्र लेन्सच्या किती वर-खाली पडणार ते, ठरलेला असतो, त्यामुळे प्रोजेक्टर टांगायच्या पाइपची लांबी आधीच मॅन्युअल बघून ठरवावी लागते.

अंतराचं गणित सोपं आहे. 100 इंची 16:9 स्क्रीन साधारण 221 सेमी रुंद, थ्रो रेशो, म्हणजे लेन्सचं अंतर भागिले चित्राची रुंदी, 1.5 असेल तर लेन्स 3.3 मीटरवर. आता आपल्या फ्लॅटमध्ये नेमका तिथेच मध्ये पंखा असतो! पाती उजेडात येतात का ते भोक पाडायच्या आधीच बघा. आणि पंख्याची थरथरसुद्धा लहान गोष्ट नाही, एवढ्या अंतरावर प्रोजेक्टर अंशाच्या दहाव्या भागाने जरी हलला तरी चित्र जवळजवळ 6 मिमी सरकतं, म्हणजे फुल एचडीचे पाच पिक्सेल. त्यामुळे पाइप लागेल तेवढाच, आणि अँकर फास्टनर थेट स्लॅबमध्ये, पीओपीच्या फॉल्स सीलिंगचा आधार अजिबात नको.

फोकस सगळ्यात शेवटी, झूम ठरल्यावरच, कारण झूम हलवला की फोकस बदलतो. प्रोजेक्टर निदान अर्धा तास चालू राहू द्या, लेन्स तापली की फोकस थोडा सरकतो आणि गार मशीनवर केलेला फोकस इंटरव्हलपर्यंत गेलेला असतो. मग एकाने रिंग फिरवायची आणि दुसऱ्याने स्क्रीनला नाक लावून उभं राहायचं, वरच्या मापात एक पिक्सेल मिलिमीटरपेक्षा किंचित मोठा असतो, तो जवळून सुटा दिसतो, सोफ्यावरून नाही. मध्य बघा, मग चारही कोपरे. एकच कोपरा हट्टी असेल तर बहुतेक वेळा थोडा तिरकेपणा उरलेला असतो, परत ब्रॅकेटकडे जा.

सगळं जमलं की स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळा, एकदम एकच आवळला की चित्र फिरतं. आणि झूम असा ठेवा की चित्राची कड काळ्या मखमली बॉर्डरवर केसभर चढेल, मखमल तो उजेड गिळून टाकते.