सवाब चालू, हापसा बंद

हापशाच्या ओट्यावर पाटी असते: अमुक यांच्या ईसाले सवाबसाठी, म्हणजे गेलेल्या माणसाला पुण्य पोचावं म्हणून. पाटी चकचकीत, दांडा मात्र नुसताच वरखाली होतो, पाण्याचा पत्ता नाही. बहुतेक वेळा बिघाड एखाद्या वॉशरचा असतो. तो बदलायचा कोणी आणि कोणाच्या पैशातून, हे पाटी बसवताना ठरलेलंच नसतं.

असा हापसा म्हणजे सदका-ए-जारिया. सदका म्हणजे दान, जारिया म्हणजे वाहता, चालू असलेला. माणूस गेल्यावर त्याचे आमाल (कर्मं) थांबतात, तीन गोष्टी सोडून, ही सहीह मुस्लिम या संग्रहातली हदीस (पैगंबरांचं वचन) देणाऱ्यांना पाठ असते, आणि त्या तिनांत पहिला जारी सदकाच आहे. पण वक्फच्या, म्हणजे धर्मकार्यासाठी कायम राखून ठेवलेल्या मालमत्तेच्या, मसाइलपर्यंत (नियमांपर्यंत) फारसं कोणी जात नाही. हनफी फिकहमध्ये, म्हणजे इस्लामी कायद्याच्या हनफी परंपरेत, नियम साफ आहे: वक्फच्या उत्पन्नातून पहिला खर्च त्याच्या डागडुजीवर, मग बाकीचे हकदार. वाकिफने (वक्फ करणाऱ्याने) तशी अट घातली असो वा नसो. राहण्यासाठी वक्फ केलेल्या घराची दुरुस्ती तिथे राहणाऱ्यावर आहे. त्याने केली नाही किंवा त्याला जमली नाही, तर काझीने घर भाड्याने द्यावं, त्या भाड्यातून दुरुस्ती करावी आणि मग घर त्याला परत द्यावं. म्हणजे दुरुस्तीचा पैसा कुठून येणार हे त्या जुन्या फकिहांनी (कायदेपंडितांनी) आधीच बघून ठेवलं होतं. आपण खोदाईचा हिशोब करतो आणि तिथेच वही मिटतो.

आता हापशाकडे येऊ. इंडिया मार्क टू प्रकारच्या पंपात सिलिंडर, म्हणजे पाणी उचलणारी नळी, खाली पाण्यात असतो आणि पाईप साधारण तीन-तीन मीटरचे. सिलिंडर तीस मीटरवर असेल तर दहा पाईप. 32 मिमीचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाईप मीटरला तीन किलोच्या आसपास भरतो. वर रॉडचं वजन, पाईपात उभं असलेलं पाणी. सगळं मिळून दीडशे किलोच्या घरात. म्हणजे प्लंजरचा (सिलिंडरातल्या दट्ट्याचा) एवढासा वॉशर बदलायचा तरी तिपाई, क्लॅम्प, मोठे पाने आणि चार-पाच माणसं लागतात. गावात यातलं काही नसलं की हापसा महिनोन् महिने पडून राहतो. मार्क थ्रीमध्ये पाईप 65 मिमीचा असल्याने प्लंजर आणि फूट व्हॉल्व्ह (तळाची झडप) पाईप न काढता वर ओढता येतात. पंप महाग पडतो, पण देणाऱ्याने फरकाचे पैसे इथे घालावेत, संगमरवरात नाही.

बिघाड ओळखायला मेकॅनिकच पाहिजे असं नाही. दांडा एकदम हलका लागतो आणि पाणी अजिबात नाही, म्हणजे बहुधा रॉड कुठेतरी सुटला किंवा तुटला. दांडा जड आहे पण धार बारीक, तर वॉशर झिजलेत. धार पूर्ण येईपर्यंत हापसून अर्धा तास हात लावू नका, मग पुन्हा हापसा. पाच दणक्यांत पाणी वर आलं तर ठीक. जास्त लागले, तर फूट व्हॉल्व्ह गळतोय किंवा पाईपाला भोक पडलंय. फक्त उन्हाळ्यातच पाणी तुटत असेल तर पंपाला दोष देऊ नका. पातळी सिलिंडरच्या खाली गेलेली असते, बोअरची खोली शिल्लक असेल तर पाईप वाढवावे लागतात.

पाणी तांबूस येतंय आणि रात्रभर थांबून सकाळी जास्तच तांबडं, ही तक्रार वेगळी. पाण्याचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा) साडेसहाच्या खाली, म्हणजे पाणी आम्लधर्मी असेल तर जीआय पाईप आतून गंजतो. हापसा चालू असतो, पण चहा काळा पडतो, कपडे पिवळे होतात, आणि बायका पुन्हा जुन्या डबक्याकडे वळतात. कागदावर प्रकल्प यशस्वी! इथे पाईप बदलून उपयोग नाही, पुन्हा जीआयच घातला तर तो पुन्हा गंजणार. स्टेनलेस स्टीलचा, किंवा खोली परवडत असेल तर प्लास्टिकचा घालावा. पीएच बोअर झाल्याबरोबर मोजला असता तर हे आधीच कळलं असतं.

ओट्याला तडा गेला की सांडपाणी बोअरच्या कडेनेच खाली उतरतं. तडा दिसला की त्याच आठवड्यात सिमेंटने भरावा आणि शोषखड्ड्यातला गाळ काढावा. वुजूखान्याची, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याच्या जागेची, टाकी सहा महिन्यांनी घासून धुवावी. निर्जंतुक करताना हजार लिटरला दीडशे ते दोनशे ग्रॅम ब्लीचिंग पावडर, रात्रभर ठेवून सगळं पाणी सोडून द्यायचं, मग ताजं भरायचं. पावडरचं पोतं उघडं राहिलं की तिचा दम जातो, मग तेवढ्याच वजनात काम होत नाही.

पैशाचं काय? हनफी मतात जकातीला, म्हणजे सक्तीच्या दानाला, तमलीक लागते, गरजूच्या हातात ती मालकीने पडायला हवी. त्यामुळे दुरुस्तीचा फंड जकातीतून नको, लिल्लाह (अल्लाहच्या नावाने दिलेल्या देणगीतून) आणि नफल (ऐच्छिक) सदक्यातून उभा करावा. उत्तम म्हणजे हापशासोबत एखादा गाळा किंवा जमिनीचा तुकडा वक्फ करणं, भाडं आपसूक येत राहतं. ते जमत नसेल तर देणगीचा दहावा हिस्सा पहिल्या दिवशीच बाजूला काढावा आणि वापरणाऱ्या घरांकडून दरमहा थोडं घ्यावं. देखरेख करणाऱ्याला मोबदला द्यायला लोक कचरतात, सवाबच्या कामात कसले पैसे म्हणतात. दुसरे खलिफा हजरत उमर यांनी खैबरची जमीन वक्फ केली तेव्हा सांभाळणाऱ्याने त्यातून रीतसर खावं ही मुभा दिली होती. फुकट राबणारा माणूस दोन वर्षांत कंटाळतो, आणि त्यात त्याचं चुकत नाही.

मक्केच्या हाजींना पाणी देणारी ऐन जुबैदा (ऐन म्हणजे झरा, इथे त्याचा कालवा) अब्बासी खलिफा हारून रशीद यांच्या बेगमेच्या नावाने ओळखली जाते. ती कितीदा बुजली आणि कितीदा उपसली गेली. 16व्या शतकातलं मोठं काम उस्मानी सुलतान सुलेमानची मुलगी मिहरीमाह हिच्या पैशातून झालं. पण ऐन आजही जुबैदाचीच.

पाटी लावायचीच तर तिच्यावर बोअरची खोली, पाण्याची पातळी, पाईपांची संख्या, सिलिंडरचा प्रकार आणि बसवल्याची तारीख कोरावी. खाली मेकॅनिकचा नंबर रंगाने लिहावा, कारण तो बदलतो.