जुहूवरचे हेलिकॉप्टर

आज सकाळी जुहू चौपाटीवर फिरताना तेलविहिरींकडे निघालेले हेलिकॉप्टर डोक्यावरून गेले, आणि बॉम्बे हायच्या प्लॅटफॉर्मवर उमेदीची वर्षे घालवलेले आमचे शेजारचे काका, हातातला चहा तसाच धरून, ते ठिपक्याएवढे होईपर्यंत पाहत राहिले. "१९७४ साली 'सागर सम्राट' या तेलविहिरी खोदणाऱ्या जहाजाने तेल शोधले, तेव्हा या पाण्यावर दुसऱ्या कोणी हक्क सांगितला नाही," ते म्हणाले.

दक्षिण अमेरिकेतल्या गयानाचे नशीब तसे नाही. १८९९ च्या लवादाने एसेकिबो प्रांत ब्रिटिश गयानाला, म्हणजे आजच्या गयानाला, दिला होता. तो निकाल शेजारच्या व्हेनेझुएलाला फार पूर्वीपासून अमान्य असला, तरी २०१५ साली गयानाच्या समुद्रात मोठा तेलसाठा सापडल्यावर वाद खऱ्या अर्थाने तापला. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये, अध्यक्षीय निवडणूक तोंडावर असताना, व्हेनेझुएलाच्या मादुरो सरकारने एसेकिबोवरच्या दाव्याबद्दल सार्वमत घेतले, आणि ही वेळ निव्वळ योगायोगाने साधली गेली, असे मला तरी वाटत नाही.

उलट २०१४ मध्ये बंगालच्या उपसागरातील वादग्रस्त क्षेत्राचा मोठा भाग लवादाने बांगलादेशाला दिला, तेव्हा भारताने तो निकाल मान्य केला. (आपल्याकडच्या चर्चांत त्याचा उल्लेख क्वचितच होतो.) काकांना हे सांगितले, तर त्यांनी एवढेच विचारले, "मग तिथे विहिरी खोदल्या का कोणी?"