उत्तर राहू द्या, फोड सांगा

विनोद समजावून सांगायला गेलं की मरतो. गूढ शब्दकोड्यातलं सूत्र, म्हणजे उत्तराकडे नेणारी ओळ, मात्र कुणीतरी फोडून दाखवेपर्यंत नुसतं कागदावर पडून असतं. साध्या कोड्यात ‘समुद्र (३)’ असं विचारतात, आपण ‘सागर’ भरतो आणि पुढे सरकतो; त्यावर बोलण्यासारखं काही उरत नाही. गूढ कोड्यात उत्तर चौकटीत चपखल बसलं तरी काम अर्धंच झालेलं असतं. ते तिथे का बसलं हे सांगता यायला हवं. आम्ही त्याला फोड म्हणतो. खरं सांगायचं तर मला स्वतः सोडवण्याइतकीच, आणि पुष्कळदा त्याहून जास्त, मजा दुसऱ्याने केलेली फोड ऐकण्यात येते.

हे सूत्र बघा:

आज वळणात लपलंय, दूर नाही (३)

वाचल्याबरोबर डोळ्यांपुढे रस्ता येतो, वळण येतं, झाडामागे काहीतरी दडलेलं दिसतं. हे चित्र कोडेकाराने मुद्दाम उभं केलेलं असतं आणि पहिलं काम ते पुसून टाकण्याचं. गूढ सूत्राचे दोन भाग असतात. एका टोकाला, म्हणजे सुरुवातीला किंवा शेवटी, उत्तराचा सरळ अर्थ असतो. उरलेल्या भागात ते उत्तर अक्षरं जुळवून कसं तयार करायचं, याची कृती असते. इथे ‘दूर नाही’ हा अर्थ. आता दूर नसणारे तीन अक्षरी शब्द आठवा: निकट, समीप, लगत, नजीक, जवळ. पाच तर असेच निघाले. साध्या कोड्यात नुसतं ‘दूर नाही’ असतं तर पेन्सिल हातात धरून उभ्या शब्दांची वाट बघावी लागली असती. इथे तसं करावं लागत नाही. ‘आज वळणात’ हे शब्द अर्थ विसरून नुसते अक्षरांनी वाचा (शेवटचा ‘त’ म्हणजे ‘मध्ये’, तो बाजूला ठेवा): आ, ज, व, ळ, णा. मधली तीन अक्षरं उचला. जवळ! लपलंय म्हणजे खरोखरच तिथे लपलंय.

म्हणून गूढ कोड्याला अवघड म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. साधं कोडं अंदाजावर सोडतं, गूढ कोडं खात्री देतं. एकाच उत्तराकडे दोन वाटांनी जाता येतं आणि दोन्ही वाटा एकाच दाराशी आल्या की शंकेला जागा राहत नाही. आधी चकवतो तोच कोडेकार नंतर पुरावाही हातात ठेवतो.

चौकटींचं शब्दकोडं तसं फार जुनं नाही. २१ डिसेंबर १९१३ला ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात आर्थर विन यांनी पहिलं छापलं, आणि ते साधंच होतं. त्याला वाकड्या वळणावर नेलं ते इंग्लंडने. ‘ऑब्झर्व्हर’ या तिथल्या वृत्तपत्रात १९२६पासून एडवर्ड पॉवीस मॅथर्स हे ‘टॉर्कमाडा’ या नावाने कोडी रचू लागले. टॉर्कमाडा हा स्पेनमधला पाखंड्यांचा छळ करणारा धर्मन्यायाधीश. आपल्या वाचकांशी आपलं नातं काय, हे या गृहस्थांनी पहिल्या दिवशीच सांगून टाकलं होतं! त्यांच्या जागी १९३९मध्ये डेरिक मॅकनट आले, त्यांनी ‘झिमेनीझ’ हे दुसऱ्या धर्मन्यायाधीशाचं नाव घेतलं. १९७२पासून जोनाथन क्राउदर आले ते ‘अझेड’ म्हणून. हे काय नाव, असं वाटेल. डेझा नावाचा आणखी एक धर्मन्यायाधीश होता. त्याची इंग्रजी अक्षरं उलटी वाचली की अझेड. नावाचीसुद्धा फोड करावी लागते.

या परंपरेतून जे सगळ्यात मोलाचं निघालं तो छळ नव्हे, न्याय. झिमेनीझ यांनी १९६६च्या पुस्तकात कोडेकाराने वाचकाशी सचोटीने कसं वागावं याचे नियम घालून दिले. अझेड यांनी त्यांचं सार तीन कलमांत आणलं: नेमका अर्थ, प्रामाणिक कृती आणि तिसरं म्हणजे बाकी काहीही नाही. हे तिसरं कलम वाचायला सोपं आणि पाळायला महाकठीण. सूत्रातल्या प्रत्येक शब्दाला काम हवं. शोभेसाठी घातलेलं ‘सुंदर’ किंवा लय साधायला टाकलेलं ‘बरं का’ फोड करताना हातात उरतं, आणि उरलेल्या शब्दाचा हिशेब कोडेकाराला देता येत नाही.

फोड करण्याची वेळ आली की माणसांचे स्वभाव बाहेर येतात. माझे एक काका उत्तर झटक्यात देतात. “काका, कसं काय आलं?” असं विचारलं की म्हणतात, “अगं, बसतंय ना चौकटीत? मग झालं तर!” त्यांच्या उत्तरांपैकी बरीच बरोबरही असतात, त्यामुळे त्यांना सुधारण्याची सोय नाही. उलट एक मैत्रीण उत्तर येऊनही लिहीत नाही. फोडीतला एक जरी सांधा सुटा राहिला तरी तिला चैन पडत नाही. दोघांना मी एकदा हे सूत्र दिलं:

थोडं म्हातारपण (२)

काका लगेच म्हणाले, “पोक्त.” पो आणि क्त, दोन अक्षरं (जोडाक्षराला एकच घर), आणि पोक्त माणूस थोडा म्हाताराच की! ऐकायला इतकं गोड उत्तर, की क्षणभर तेच बरोबर असावंसं वाटलं. पण मैत्रिणीने मान हलवली. “पोक्त हे विशेषण आहे काका, म्हातारपण नाम आहे. आणि कृती कुठंय यात?” काकांनी कृती कशाला हवी म्हणून बराच वाद घातला. मग तिने उत्तर सांगितलं: जरा. जरा म्हणजे थोडं, आणि जरा म्हणजे म्हातारपण. दोन शब्द, दोन्ही अर्थच, एकमेकांना लागून ठेवलेले. कृतीची जागा इथे दुसऱ्या अर्थाने घेतली. गंमत अशी, की ‘जरा थांब’ म्हणताना आपण ज दाताला घासून काढतो आणि ‘जराजर्जर’ म्हणताना टाळूवरून. उच्चार दोन, अक्षर एक. चौकटीला कान नसतात, तिला फक्त अक्षर दिसतं.

इंग्रजीत याच्या उलट खेळ चालतो. तिथे उच्चार एक आणि लिहिणं वेगळं अशा शब्दांचा सुकाळ असल्यामुळे ‘ऐकू आलं’ असं म्हणत कोडेकार हवं ते खपवतात. मराठीत बहुतेक सगळं बोलावं तसं लिहिलं जात असल्यामुळे ती गंमत फारशी साधत नाही. दिन-दीन, सुत-सूत अशा ह्रस्व-दीर्घाच्या जोड्यांवर भागवावं लागतं. अक्षरांच्या उलथापालथीचंही तसंच. इंग्रजीतल्या सात वेगवेगळ्या अक्षरांच्या शब्दाचे ५,०४० क्रम लागतात. आपल्या तीन अक्षरी शब्दाचे जेमतेम सहा. कान्यामात्र्यांसकट अक्षर हे आपलं एकक, त्यामुळे पिसून पिसून पिसणार तरी किती? काही कोडेकार काना-वेलांट्या सुट्या करून फिरवतात. मला ते पटत नाही. मग ‘कविता’तून कोणी ‘किवता’ काढेल आणि वर विचारेल, का नाही? पण मोजकेच क्रम असले तरी काम होतं, हे दाखवायला हे बघा:

कविता बिघडवून पैसे घेऊन देता? (३)

सहाच शक्यता आहेत, तरी कवीमंडळी इथे आधी रागावतात आणि मग अक्षरांकडे वळतात. क, वि, ता बिघडवा: विकता. पैसे घेऊन देता म्हणजे विकता. प्रश्नचिन्हाला घाबरायचं कारण नाही. गूढ कोड्यातली विरामचिन्हं बहुतेकदा फक्त वेष बदलण्यासाठी असतात.

मराठीत कोडेकाराला खरा घाम फोडते ती सामान्यरूपं. एका शब्दाच्या पोटात दुसरा ठेवायचा असतो आणि ‘त’ किंवा ‘मध्ये’ लावायला गेलं की बाहेरचा शब्दच रूप बदलतो. घराचं घरा होतं, घोड्याचा घोड्या होतो, आणि मूळ ‘घोडा’ सूत्रात कुठे दिसतच नाही. आता सोडवणाऱ्याने ‘घोड्यात’ वाचून घो आणि डा घ्यायचे की घो आणि ड्या? माझ्या मते ही जबाबदारी सर्वस्वी कोडेकाराची. विभक्ती लावावीच लागणार नाही असं वाक्य त्याने शोधावं, किंवा बदललेलं अक्षर उत्तराच्या बाहेर ठेवावं. मघाच्या ‘वळणात’मधला ‘णा’ आठवतोय? तो कडेला होता, म्हणून निभावलं. उसने शब्द याबाबत फार गुणी:

बारमध्ये जा, खरेदी तिथेच होते (३)

‘बार’ला ‘मध्ये’ लावा, तो ढिम्म हलत नाही. त्याच्या मधोमध ‘जा’ ठेवा: बाजार. घरातल्या वडीलधाऱ्यांनी सूत्र वाचून नाक मुरडलं होतं. फोड ऐकल्यावर मात्र तेच ते चारचौघांत सांगत सुटले.

आणि आपल्या हाताशी सप्तसूर आहेत. सा, रे, ग, म, प, ध, नी: सात नेमकी एकेक अक्षरं, आणि प्रत्येकाला षड्ज, ऋषभ, गंधार अशी भारदस्त नावं. कोडेकाराला याहून काय हवं?

निषादाची गोडी कंटाळवाणी (३)

संगीतातलं कळणाऱ्यांना हे वाचून अपमान झाल्यासारखं वाटतं, पुराणं वाचलेले रामायणातल्या पारध्याच्या मागे जातात. दोघांनीही जरा शांतपणे घ्यावं. निषाद म्हणजे नी, गोडी म्हणजे रस, दोन्ही मिळून नीरस. आणि नीरस म्हणजे कंटाळवाणं. एकही शब्द शिल्लक नाही, ‘ची’सुद्धा निषादाला गोडीशी जोडून ठेवायच्या कामाला लागलेला. असं सूत्र फुटतं तेव्हा तोंडून ‘अरेच्चा’ निघतं. आता कोणी म्हणेल, सुराचं अक्षर ‘नि’ ह्रस्व लिहितात की ‘नी’ दीर्घ? लिहिणारे दोन्ही लिहितात. पण ‘निरस’ असा शब्द शुद्ध नाही, त्यामुळे उत्तरच वाद मिटवतं.

उलटसुलट अर्थांचा हा नाद आपल्याकडे चौकटी येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. व्यास सांगत गेले आणि गणपती लिहीत गेला, तेव्हा लेखकाला जरा अडवून ठेवावं म्हणून व्यासांनी मध्ये मध्ये कूटश्लोक पेरले, अशी कथा आहे. त्यांची संख्या महाभारतातच ८,८०० सांगितली आहे. संस्कृत शिकणाऱ्यांना हमखास ऐकवला जाणारा एक सुटा श्लोक आहे:

केशवं पतितं दृष्ट्वा द्रोणो हर्षमुपागतः।
रुदन्ति कौरवाः सर्वे हा हा केशव केशव॥

कृष्ण पडलेला पाहून द्रोणांना आनंद झाला आणि कौरव मात्र रडू लागले, असा अर्थ लागतो आणि माणूस चक्रावतो. युद्धात कौरव कृष्णासाठी कशाला रडतील? मग गुरुजी ‘केशवं’ तोडतात: के म्हणजे पाण्यात, शवं म्हणजे प्रेत. द्रोण म्हणजे कावळा, कौरव म्हणजे कोल्हे. प्रेत पाण्यात पडलं. कावळ्याला तिथे जाता येतं म्हणून तो खूश, कोल्ह्यांना जाता येत नाही म्हणून ते ओरडतात, हाय हाय, शव पाण्यात, शव पाण्यात! रणांगणाचा नदीकाठ एका जागा सोडण्याने होतो. झिमेनीझच्या तराजूत मात्र हा श्लोक पुरता उतरत नाही. यात अर्थ सांगणारं टोक नाही, अक्षरसंख्या नाही, आडव्या-उभ्याचा आधार नाही. ज्याला द्रोण म्हणजे कावळा हे माहीत नाही त्याने कितीही डोकं चालवलं तरी व्यर्थ. म्हणून तो सोडवण्यापेक्षा ऐकण्याचाच ऐवज आहे, आणि गुरुजींनी सांगावा तसाच तो रंगतो.

फोड सांगण्यालाही हात लागतो. उत्तर आधी फोडलं तर रस गेला. नुसतं ‘दोन अक्षरं आधी, एक मग’ म्हटलं तर ऐकणारा पेंगतो. माझी मैत्रीण काय करते, तर आधी फक्त विचारते, “यातला अर्थ कुठल्या टोकाला असेल?” बस, एवढंच. बहुतेकांना त्यानंतर तिची गरज पडत नाही, आणि हे तिला मनातून आवडत नाही असा मला दाट संशय आहे.

सध्या आमच्यात एका सूत्रावरून भांडण चालू आहे. सूत्र माझं आहे:

गरम गरम पोटात, डोळ्यांत खोटं पाणी (३)

मैत्रिणीचं म्हणणं, अर्थ नेमका नाही. ‘डोळ्यांत खोटं पाणी’ हे वर्णन झालं, व्याख्या नव्हे, आणि अझेडच्या पहिल्याच कलमाला ते नापास होईल. माझं म्हणणं, तो वाक्प्रचार ज्याला माहीत आहे त्याला दुसरं काही सुचूच शकत नाही. काकांनी उत्तर केव्हाच भरलंय आणि अर्थात फोड दिलेली नाही. तुम्हीही बघा. नुसतं उत्तर चालणार नाही.