पॅन्टन स्ट्रीट ते हायबरी: अटलांटिक ओलांडून आलेल्या मुष्टियोद्ध्यांच्या मागावर

लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमधून पॅन्टन स्ट्रीट नावाचा एक आखूड रस्ता हेमार्केटकडे जातो. नाटक-सिनेमाला आलेल्या गर्दीच्या नजरेतून तो सहज सुटतो. या रस्त्याच्या कोपऱ्यावर ‘टॉम क्रिब’ नावाचा पब आहे. दोनशे वर्षांपूर्वी या जागी ‘युनियन आर्म्स’ होता आणि त्याचा मालक होता खुद्द टॉम क्रिब. कोळशाची ओझी वाहणारा हमाल म्हणून आयुष्य सुरू केलेला आणि पुढे इंग्लंडचा मुष्टियुद्ध विजेता झालेला माणूस. त्या काळी वजनी गट काटेकोर नव्हते. सगळ्यांत बलवान तो विजेता, म्हणजे आजच्या भाषेत हेवीवेट चॅम्पियन.

मला क्रिबपेक्षा त्याच्याशी लढायला समुद्रापलीकडून आलेल्या माणसांची ओढ जास्त होती. अमेरिकेतून बोटीने यायचं, परक्या मुलखात, परक्या लोकांच्या गराड्यात, त्यांच्याच लाडक्या माणसासमोर उघड्या मुठींनी उभं राहायचं. अशा लढतीत पाहुण्याला एकाशी लढायचं नसतं. दोराबाहेरच्या हजारोंशीही लढायचं असतं. लंडनला भाच्याकडे गेलो तेव्हा मनात एवढंच होतं, की या लढतींच्या जागा स्वतःच्या पायांनी फिरून बघायच्या.

पबच्या भिंतीवर एका वेगळ्याच माणसाच्या नावाची पाटी आहे: बिल रिचमंड. जन्म १७६३, न्यूयॉर्कजवळचं स्टेटन आयलंड, जन्मापासून गुलाम. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात ह्यू पर्सी या इंग्रज सेनाधिकाऱ्याच्या नजरेत हा पोरगा भरला. १७७७ मध्ये पर्सीने त्याला इंग्लंडला पाठवलं, शाळेत घातलं, सुतारकाम शिकवलं. रिचमंड पुढे मुष्टियोद्धा झाला, १८०५ मध्ये क्रिबकडून हरला आणि मग इथून जवळच त्याने ‘हॉर्स अँड डॉल्फिन’ नावाचा पब काढला. १८०९ मध्ये अमेरिकेहून टॉम मोलिनो लंडनला आला तो याच पबच्या आश्रयाला. तोही गुलामीतून सुटलेला, तरणाबांड, आणि खिशात दमडी नसलेला. रिचमंडने त्याला तयार केला. दोघांनी मिळून थेट इंग्लंडच्या विजेत्याला आव्हान दिलं.

ती लढत १८ डिसेंबर १८१० रोजी ससेक्समधल्या ईस्ट ग्रिन्स्टेड गावाजवळच्या माळावर झाली. कडाक्याची थंडी आणि वरून पाऊस. हातात ग्लोव्हज नाहीत. एकजण जमिनीवर पडला की फेरी संपली, मग अर्ध्या मिनिटाची उसंत. तेवढ्या वेळात उठून मधल्या खुणेपाशी उभं राहिलं नाही, तर हरलास. लढतीत मोलिनो भारी पडू लागला तसा जमाव दोर ओलांडून आत घुसला आणि त्या झटापटीत मोलिनोचं बोट मोडलं म्हणतात. पुढे अठ्ठाविसाव्या फेरीनंतर क्रिब दिलेल्या वेळात उठू शकला नाही. नियमाने सामना तिथेच संपायला हवा होता. पण क्रिबच्या मदतनिसाने मोलिनोच्या मुठीत शिशाच्या गोळ्या आहेत असा कांगावा केला. त्या तपासणीत जो वेळ गेला त्यात क्रिब सावरला. ही हकिकत दोनशे वर्षं सांगितली जाते आहे. तीसहून जास्त फेऱ्यांनंतर गारठलेला, थकलेला मोलिनो हरला.

या लढतीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. त्या दिवशी इंग्लंडचा विजेता मोलिनो होता. त्याच्या हातून विजेतेपद क्रिबने घेतलं नाही, जमावाने घेतलं.

मोलिनोने त्यानंतर क्रिबला एक जाहीर पत्र लिहवलं. हवामान वाईट नसतं तर निकाल वेगळा लागला असता, म्हणून पुन्हा लढू या, असं त्यात आहे. आणि ज्या लोकांच्या आश्रयाला मी आलो त्यांच्यापेक्षा माझा रंग वेगळा आहे, ही गोष्ट माझ्या आड येणार नाही अशी आशा आहे, असंही आहे. हे मी भाच्याला पबमध्ये बसून सांगत होतो. तो म्हणाला, “मामा, किती अदबीनं लिहिलंय! मी असतो तर शिव्या घातल्या असत्या.” मला त्या अदबीनेच गलबलून येतं. ज्याच्यावर उघड अन्याय झाला, त्यालाच जपून बोलावं लागत होतं.

दुसरी लढत २८ सप्टेंबर १८११ रोजी थिसलटन गॅप इथे झाली. तोवर क्रिबला कॅप्टन बार्कलेने स्कॉटलंडला नेऊन डोंगर-दऱ्यांतून पळवून पळवून काटक केला होता. हा बार्कले म्हणजे १८०९ मध्ये एक हजार तासांत एक हजार मैल चालून दाखवणारा माणूस. मोलिनोची तशी तयारी कोणी करून घेतलीच नाही. अकरा फेऱ्यांत खेळ संपला, मोलिनोचा जबडा मोडला. १८१८ मध्ये आयर्लंडमधल्या गॉलवे इथे तो वारला, वय अवघं ३४.

रिचमंडचं मात्र वेगळं झालं. १८२१ मध्ये चौथ्या जॉर्जच्या राज्याभिषेकाला बंदोबस्तासाठी नामवंत मुष्टियोद्धे उभे केले होते, त्यांत क्रिब होता आणि रिचमंडही. एकेकाळचे प्रतिस्पर्धी म्हातारपणी जिवाभावाचे मित्र झाले. डिसेंबर १८२९ मध्ये रिचमंड वारला, त्याची शेवटची संध्याकाळ क्रिबच्या याच पबमध्ये गेली होती. ती पाटी इथे का आहे, ते हे कळल्यावर समजतं.

बाहेर पडल्यावर लेस्टर स्क्वेअरमध्ये थोडं थांबलो. आज जिथे ओडियन सिनेमा आहे तिथे पूर्वी अल्हाम्ब्रा थिएटर होतं. १९१० मध्ये आपल्या गामाने बेंजामिन रोलर या अमेरिकन पैलवानाला तिथेच चीत केलं होतं. समुद्र ओलांडून लंडनला आलेल्या दोन परदेशी मल्लांची ती कुस्ती! तिच्याबद्दल लिहायचं तर वेगळा लेख होईल.

पुढचा टप्पा फार्नबरो. वॉटर्लू स्टेशनवरून गाडीने पाऊण तासाच्या आत पोचतो. गाव विमानांचं आहे, दर दोन वर्षांनी इथे मोठं विमान प्रदर्शन भरतं. १९०८ मध्ये ब्रिटनमधलं पहिलं यंत्रचलित उड्डाण इथे सॅम्युअल कोडी याने केलं, तोही अमेरिकेतून आलेला. त्याचा पुतळा आहे. पण मी आलो होतो १७ एप्रिल १८६० साठी.

त्या दिवशी भल्या पहाटे लंडन ब्रिज स्टेशनवरून खास गाड्या सुटल्या. तिकिटावर कुठल्या गावाचं नाव नव्हतं, कारण असल्या लढतींना कायद्याने बंदी होती आणि पोलिसांना सुगावा लागू द्यायचा नव्हता. डब्यांमध्ये खानदानी लोक आणि खिसेकापू शेजारी-शेजारी बसले होते. गाड्या फार्नबरोला थांबल्या, हजारो माणसं ओल्या शेतांत उतरली. एका बाजूला टॉम सेयर्स, गवंडीकाम करणारा, ३३ वर्षांचा, उंची पाच फूट आठ इंच. दुसऱ्या बाजूला न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावचा जॉन हीनन, वय २५, सहा फूट दोन इंच, आणि वजनाने सेयर्सपेक्षा जवळजवळ वीस किलो जास्त. दोन देशांच्या विजेत्यांची अशी लढत आधी झाली नव्हती. जगज्जेतेपदाची पहिली लढत म्हणून तिचं नाव आजही घेतलं जातं.

सुरुवातीलाच सेयर्सचा उजवा हात कामातून गेला. पुढचे जवळजवळ दोन तास तो एका हाताने लढला. त्या एका हाताने त्याने हीननचे डोळे सुजवून बंद करत आणले. चाळीसच्या आसपास फेऱ्या झाल्यावर हीननने त्याची मान दोरावर दाबून धरली. सेयर्सचा श्वास कोंडला. कोणीतरी दोर कापला, जमाव आत शिरला, पोलीसही पोचले होते. त्या गोंधळात आणखी काही फेऱ्या रेटल्या गेल्या आणि शेवटी सामना अनिर्णित ठरला.

इथेही इंग्लंडची गर्दी, इंग्लंडचा माणूस, आणि पाहुण्याच्या हाती विजय येऊ घातलेला असताना मोडलेला फड. अमेरिकेत पुष्कळ जण म्हणाले, आमच्या माणसाला लुबाडलं. पण मला हे प्रकरण मोलिनोसारखं सरळ वाटत नाही. हीनन तोवर जवळजवळ आंधळा झाला होता, समोर कोण आहे हे त्याला धड दिसत नव्हतं. आणि दोर कापला नसता तर सेयर्स मेला असता. जो निकाल लागला तो बरा लागला असंच मी म्हणेन. दोघांनाही पट्टे दिले गेले. सेयर्ससाठी लोकांनी तीन हजार पौंडांची वर्गणी जमवली, अट एकच: यापुढे लढायचं नाही.

न्यूयॉर्कला ही बातमी कशी पोचली, हा विचार फार्नबरोच्या फलाटावर परतीच्या गाडीची वाट बघताना डोक्यात घोळत होता. १८५८ मध्ये अटलांटिकच्या तळाशी टाकलेली तार काही आठवड्यांतच बंद पडली होती, नवी टिकाऊ तार यायला १८६६ उजाडलं. म्हणजे आगबोट पोचेपर्यंत वाट पाहणं आलं. आपला हीनन जिंकला की हरला, की मेलाच, हे त्याच्या गावाला दीड आठवडा माहीत नव्हतं.

सेयर्सची कबर हायगेट स्मशानभूमीच्या पश्चिम भागात आहे. तिकीट काढावं लागतं, पण आत वेलींनी वेढलेल्या वाटांवरून फिरताना ते पैसे सार्थकी लागतात. पूर्व भागात मार्क्सची कबर आहे, बहुतेक मंडळी तिकडे वळतात. सेयर्सच्या कबरीवर त्याचा चेहरा कोरलेला आहे आणि समोर दगडात घडवलेला त्याचा ‘लायन’ नावाचा कुत्रा पहुडलेला आहे. १८६५ मध्ये सेयर्स कॅमडन हाय स्ट्रीटवर एका मित्राच्या घरी वारला, वय ३९. अंत्ययात्रेला अफाट लोक लोटले आणि मालकाच्या गाडीत बसून मुख्य शोककर्ता म्हणून निघाला हा कुत्रा. दोनच वर्षांनी, १८६७ मध्ये, क्वीन्सबरीचे नियम आले: ग्लोव्हज, तीन मिनिटांची फेरी, पडलेल्याला उठायला दहा सेकंद. मानेवर दोर दाबण्याची सोय संपली.

पुढचं शतक मी भुयारी रेल्वेच्या एका प्रवासात ओलांडलं आणि आर्सेनल स्टेशनला उतरलो. आर्सेनल क्लबचं जुनं हायबरी मैदान २००६ मध्ये बंद झालं. स्टँडच्या जागी आता सदनिका आहेत, पण पूर्वेकडची देखणी दर्शनी बाजू तशीच राखली आहे. जिथे मैदान होतं तिथे रहिवाशांची बाग आहे. २१ मे १९६६ रोजी याच जागी मोहम्मद अली आणि इंग्लंडचा हेन्री कूपर भिडले.

त्यांची पहिली गाठ १९६३ मध्ये वेम्बलीला पडली होती. तेव्हा अलीचं नाव अजून कॅशियस क्ले होतं. चौथ्या फेरीच्या अखेरीस कूपरच्या डाव्या ठोशाने तो दोरांवर कोसळला आणि घंटेने वाचला. त्याचा प्रशिक्षक अँजेलो डंडी याने ग्लोव्ह फाटल्याचं पंचांना दाखवून वेळ काढला, आणि ती फट आपणच बोटाने मोठी केली हे पुढे सांगितलं. चित्रफितीवर मोजलं तर जादा मिळालेला वेळ जेमतेम काही सेकंदांचा आहे. तरी इंग्लंडमधली जुनी माणसं अजून त्याबद्दल हळहळतात. या वेळी वेळकाढूपणाचा फायदा पाहुण्याला झाला होता.

१९६६ मध्ये अली लंडनला आला कारण त्याला मायदेशात कोणी लढू देईना. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध तो बोलला आणि अमेरिकेतली दारं बंद झाली. म्हणून त्या वर्षी टोरांटो, लंडन, फ्रँकफर्ट. हायबरीला चाळीस हजारांवर लोक होते, सगळे कूपरच्या बाजूचे. सहाव्या फेरीत कूपरच्या डोळ्यावरची जखम अशी उघडली की चेहरा रक्ताने न्हाला. पंचांनी लढत थांबवली. कोणी दोर कापला नाही, कोणी आत घुसलं नाही. घरच्या गर्दीसमोर पाहुणा जिंकला आणि विजेता म्हणून बाहेर पडला. ही लढत उपग्रहावरून अमेरिकेत त्याच क्षणी दिसत होती.

त्याच ऑगस्टमध्ये अली पुन्हा लंडनला आला आणि अर्ल्स कोर्टच्या सभागृहात त्याने ब्रायन लंडन नावाच्या इंग्रज मुष्टियोद्ध्याला तिसऱ्या फेरीत झोपवलं. ती वास्तू आता पाडली आहे, त्यामुळे तिकडे जाऊ नका. हायबरीची दर्शनी बाजू मात्र रस्त्यावरूनच निवांत बघता येते, आर्सेनल स्टेशनपासून अगदी हाकेच्या अंतरावर.