खर्ऱ्याच्या मुलखात जबडा मोजताना

आमच्या भागात जबड्याचा रुग्ण तक्रार एका वाक्यात सांगतो: ‘मॅडम, जबडा अटकते.’ दोष सांध्याचा, स्नायूंचा की खर्ऱ्याचा (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाचा), हे त्यावरून कळत नाही. तोंडात तीन बोटं जातात का, ही चाचणी प्राथमिक चाळणीपुरती ठीक आहे. पण कागदावर ‘दोन बोटं’ लिहून ठेवलं तर पुढच्या खेपेला ती कोणाची बोटं होती ते कसं कळणार? म्हणून मी मिलिमीटरमध्येच मोजते.

व्हर्निअर कॅलिपर नसेल तर शाळेची प्लास्टिकची पट्टी चालते. मात्र बहुतेक पट्ट्यांवर शून्याच्या आधी मोकळी कड असते. ती घासून शून्यापर्यंत आणली नाही, तर प्रत्येक माप तेवढंच कमी भरतं. रुग्णाला ताठ बसवून डोकं भिंतीला टेकवायला सांगते, कारण मान मागे गेली की तोंड जास्त उघडतं.

आधी दात मिटवून घेते. वरचे पुढचे दात खालच्यांवर किती येतात, ती रेघ खालच्या कोरड्या केलेल्या दातावर पेन्सिलने काढते. तो आच्छादनाचा आकडा पुढच्या प्रत्येक उघडण्यात मिळवायचा. पट्टीवर ३७ आणि आच्छादन ३ असेल, तर उघडणं ४०. दातांची जोडी दरवेळी तीच हवी, आणि ती नोंदीत लिहायची.

मग तीन मापं. पहिलं: ‘दुखणं सुरू व्हायच्या किंवा वाढायच्या आत जितकं जमेल तितकंच उघडा.’ दुसरं: ‘आता दुखलं तरी चालेल, पूर्ण आ करा.’ तिसऱ्यात माझा अंगठा वरच्या दातांवर, तर्जनी खालच्यांवर, आणि सावकाश ताण. नको वाटलं की हात वर करायचा, हे आधीच सांगून ठेवते. ताप, गालाला सूज किंवा अक्कलदाढेत पू असेल तर हे तिसरं माप घेत नाही. जखमेनंतर दातखिळी बसलेली असेल, तर धनुर्वाताची शंका धरून मोजमाप सोडायचं आणि लगेच मोठ्या रुग्णालयात पाठवायचं.

खरी माहिती या तिन्हींच्या फरकात असते. समजा, २८, ३५ आणि ४३ आले. हाताच्या मदतीने जबडा बराच जास्त उघडतो, म्हणजे अडवणूक बहुधा स्नायूंची आहे. २७, २९, ३० आले आणि ताणाचा शेवट हाताला कडक लागला, तर सांध्यातली चकती अडकली असावी; त्यातही आधी ‘कट्ट’ वाजायचं आणि एके दिवशी आवाज बंद होऊन तोंडच उघडेनासं झालं, असं रुग्ण सांगत असेल तर शंका पक्की होते. अशा वेळी उघडताना हनुवटी बहुधा दुखऱ्या बाजूला जाते आणि तिकडेच राहते. वाटेत वाकडी होऊन पुन्हा मध्यावर येत असेल, तर चकती जागेवर परतते आहे.

पण शेवट कडक लागणं खर्ऱ्यातही असतं, म्हणून गालाच्या आतून बोट फिरवल्याशिवाय निष्कर्ष काढत नाही. पांढुरकी त्वचा, दोरीसारखे पट्टे, तिखटाने होणारी आग, फुगत नसलेला गाल, बाहेर येत नसलेली जीभ ही तंतुमयतेची, म्हणजे खर्ऱ्याने गालाचं आतलं अस्तर ताठ झाल्याची खूण. तिथे सांध्याचा व्यायाम देत बसणं म्हणजे वेळ दवडणं. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात पाठवावं. खर्रा खाता का असं विचारलं की ‘नाही’ येतं. दिवसाला किती पुड्या, असं विचारलं की आकडा येतो.

बाजूच्या हालचालींत चूक सर्वात जास्त होते. दात मिटलेले असतानाच खालची मध्यरेषा (मधल्या दोन दातांमधली रेघ) वरच्यापेक्षा २ मिमी उजवीकडे असेल, तर उजवीकडे दिसलेल्या ९ मधून २ वजा करायचे आणि डावीकडच्या ५ मध्ये २ मिळवायचे. दोन्हीकडे ७ च आहेत. दुरुस्ती केली नाही तर धड सांधा रोगी ठरतो. उघडणं कमी, पण बाजूची हालचाल शाबूत, असं दिसलं तर अडथळा सांध्याबाहेर शोधते.

स्नायू दाबताना दाब साधारण १ किलो, सांध्याच्या बाहेरच्या टोकावर अर्धा. हाताला अंदाज यावा म्हणून किराणा दुकानाचा इलेक्ट्रॉनिक काटा बोटाने दाबून बघावा. नुसतं ‘दुखतं का’ विचारून भागत नाही. ‘हेच का ते तुमचं नेहमीचं दुखणं?’ हे विचारावं. पुढच्या भेटीत मापात २-३ मिमीची भर दिसली, तर तिला मी सुधारणा म्हणत नाही. पट्टी धरण्यातच तेवढा फरक पडतो.