वहिनींची जपमाळ आणि फाशी

परवा आमच्या जेल रोडच्या कॅथलिक समूहाची प्रार्थना संपली आणि चहा येईपर्यंत विषय निघाला फाशीचा. टीव्हीवर कुठल्याशा लहान मुलीची बातमी होती. "असल्यांना भर चौकात लटकवायला पाहिजे," थोरल्या वहिनी म्हणाल्या. जपमाळ अजून हातातच होती.

मी प्रेसमधून निवृत्त झालेला माणूस, वाद घालायला वेळच वेळ. म्हटलं, "वहिनी, पोप फ्रान्सिस यांनी ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्या धर्मशिक्षण ग्रंथातला २२६७ वा परिच्छेद बदलला. फाशी आता चर्चला मान्यच नाही. गुन्हा कितीही भयंकर असला तरी माणसाची प्रतिष्ठा जात नाही, आणि जगभरातून ही शिक्षा जावी म्हणून चर्च झटेल, असं त्यात लिहिलंय."

"पोपचं काय जातंय सांगायला!"

हा टोमणा तसा फुकटचा नाही. पोप स्वतः राज्य चालवत होते तेव्हा रोममध्ये त्यांचा पगारी जल्लाद होता. बुगात्ती नावाच्या त्या गृहस्थाने १७९६ ते १८६४ या काळात पाचशेहून जास्त माणसं मारली. व्हॅटिकनच्या कायद्यातून ही शिक्षा गेली ती थेट १९६९ साली. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९५ च्या परिपत्रकात लिहिलं, की फाशीवाचून गत्यंतर नाही असे प्रसंग आता जवळपास उरलेलेच नाहीत. तिथून २०१८ पर्यंत यायला आणखी तेवीस वर्षं. आमच्या चर्चची चाल बैलगाडीची आहे, पण रस्ता ठीक पकडलाय.

वहिनींना मात्र पोपपेक्षा नाशिकचं उदाहरण जास्त बोचलं.

जून २००३. नाशिकजवळ बागेतल्या झोपडीत राहणाऱ्या कुटुंबावर रात्री दरोडा पडला. पाच खून, बलात्कार. भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले आणि २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेप केली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सगळ्यांनाच फाशी सुनावली. आणि मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं! वाचलेल्या बाईने पोलिसांच्या फोटोंमधून वेगळेच चौघे ओळखले होते, त्यांचा तपासच झाला नव्हता. सहांपैकी एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. सरकारने प्रत्येकाला पाच लाख द्यावेत, असा आदेश झाला. सोळा वर्षांचे पाच लाख. मधल्या काळात दोर ओढला गेला असता तर ते पैसे कुणाच्या हातावर ठेवले असते?

"बरं, ते निर्दोष होते. पण ज्याने खरंच केलंय त्याचं काय?" वहिनी हटायला तयार नाहीत. प्रश्न खराच अवघड आहे. "तुझी मुलगी असती तर?" याला परिच्छेद २२६७ पुरत नाही. तिथे मला सिस्टर राणी मरिया या धर्मभगिनी आठवतात. फेब्रुवारी १९९५ मध्ये इंदूरजवळ बसमधून ओढून समंदर सिंगने त्यांना भोसकून मारलं. त्यांची धाकटी बहीण, तीही सिस्टर, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधून आली. घरच्यांनी माफ केलं, २००६ मध्ये तो सुटला. २०१७ मध्ये इंदूरला चर्चने राणी मरियांना 'धन्य' घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी. यात 'ज्याने खरंच केलंय' तोच होता. अर्थात त्या घराने केलं ते दुसऱ्या घराकडे मागता येत नाही. सरकारने मारू नये, एवढंच मागता येतं.

आणि ते मागायला आपण कमी पडतो. अमेरिकेत सिस्टर हेलन प्रेजाँ फाशीच्या कैद्यांसोबत शेवटपर्यंत उभ्या राहतात. रोमच्या सँत एजिदियो या कॅथलिक समुदायाच्या पुढाकाराने ३० नोव्हेंबरला जगभर शहरं या शिक्षेविरुद्ध दिवे लावतात, कारण १७८६ मध्ये त्याच तारखेला इटलीतल्या टस्कनी राज्याने ती रद्द केली होती. आपल्याकडे प्रिझन मिनिस्ट्री या चर्चच्या कैद्यांसाठीच्या सेवेचे लोक तुरुंगात जातात, कैद्यांच्या मुलांच्या फीचं बघतात. काम सोन्यासारखं. पण फाशीची बातमी आली की मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, त्या नावासाठी प्रार्थना झालेली मी तरी ऐकली नाही. आमच्या बाळ येशूच्या यात्रेला लाखभर माणूस जमतं, तिथे एवढं एक वाक्य बोलायला काय हरकत आहे? फादरांना विचारलं तर म्हणाले, "लोक चिडतील." चिडू देत की. वहिनी चिडल्याच होत्या, तरी पुढच्या बैठकीला नाशिकच्या त्या निकालाचं मराठी कात्रण आण म्हणाल्यात.