आज जाळीनंच डोकं खाल्लं
परभणीवरून खास संभाजीनगरला गेलतो, टकलावर लावायचा केसांचा पॅच घ्यायला. मला वाटलं रंग बघायचा, माप द्यायचं, झालं. तर दुकानवाला विचारायलाय, बेस (म्हणजे ज्याच्यावर केस बसवतेत तो थर) कोणता, स्विस लेस का फ्रेंच लेस, म्हणजे जाळी कोणती? स्विसची जाळी एवढी पातळ की कपाळावर ठेवली तर दिसंनाच, केस जणू कातडीतूनच आलेत, पण काढताना जरा ओढली की फाटली. फ्रेंच थोडी जाड, जास्त टिकते. पॉलीचा, म्हणजे प्लास्टिकसारख्या पातळ पापुद्र्याचा बेस पुसायला सोपा, पण त्यातून हवा जात नाही अन् आपल्याकडं मे महिन्यात ४२ डिग्री, म्हणजे डोक्यावर कुकरच की! बायको म्हणली, तुम्ही रोज हेल्मेट घालता, फ्रेंचच घ्या. मी म्हणलं समोरच्या कडेला तेवढी स्विस लावा, तर तो हसला, म्हणे काका, बरेच जण तेच करतेत 😄